पीटरहेडचा मंगळवार

लायब्ररी सहाला बंद होते, आणि सव्वासहाला
मागच्या दाराने आमचा वर्ग आत शिरतो.
मी किटली लावते, कप मोजते, नावांपुढे टिका करते.
शिकवतात मिसेस बुकन,
बंदरावरच्या वजनकाट्याशी तीस वर्षं बसून
निवृत्त झालेल्या. व्याकरणातही
त्यांना ग्रॅमचा फरक कळतो.

आज फळ्यावर एक आडवी रेघ.
एका टोकाला ‘तेव्हा’, दुसऱ्याला ‘आत्ता’.
“‘हॅव’ म्हणजे दोर,” त्या म्हणाल्या,
“तेव्हा फेकलेला, आत्ता हातात असलेला.”
वीगांतास हसला. दोर त्याला कळतो.
मॅकरेल साफ करून करून
त्याच्या अंगठ्यांना चिरा पडल्यात.
“आय गट फिश इलेव्हन इयर्स.”
“हॅव गटेड. कारण उद्या पहाटे पाचला
तू पुन्हा जाणारच आहेस ना?”
“जाणारच,” तो म्हणाला, इतक्या जडपणे
की क्रियापदालाही माशांचा वास आला.

मी कोपऱ्यात टीबॅगा पिळत होते.
आमच्यात हे सगळं एका ‘त’वर तोललेलं असतं.
‘बाबा गेलेत’ म्हणजे नाक्यावर, दूध आणायला,
येतीलच.
‘बाबा गेले’ म्हटलं
की ऐकणारा खुर्ची ओढून जवळ बसतो.

मग लेतेब्रहानची वही.
ती वृद्धाश्रमात रात्रपाळी करते; अक्षर
घडी घातलेल्या चादरींसारखं.
‘माय मदर हॅज टॉट मी टु बेक हिंबाशा.’
लाल पेन ‘हॅज’पाशी थांबलं.
“आई केरेनलाच असते का?”
“नाही. मी सुदानच्या छावणीत होते, तेव्हा वारली.”
“मग टॉट. नुसतं टॉट.
वारलेल्यांना आम्ही हॅव लावत नाही.”
आवाज मऊ केला होता त्यांनी,
पण काट्याचं माप ते माप.

लेतेब्रहानने पिशवीतून फडकं काढलं,
फडक्यातून पाव: गोल, जाड,
वर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा,
आणि खोलीभर वेलदोडा.
“शिकवलं तेव्हा, हे खरं,” ती म्हणाली.
इंग्रजी अडखळत होतं, ती नाही.
“येतंय आत्ता. आज दुपारी आलं.
दोर माझ्या हातात आहे, मिसेस बुकन.
पलीकडचं टोक कुणी धरलंय का,
हे क्रियापदाने कशाला विचारायचं?”

हीटर कण्हला.
बाहेर एक सीगल कुणाला तरी शिव्या घालत होता.
मिसेस बुकननी पेनाला टोपण लावलं.
बरोबरची खूण नाही, चुकीचीही नाही.
“परीक्षेत टॉट लिही,” त्या म्हणाल्या,
आणि एक आरा मोडून घेतला.

खाताना कुणीच काळ वापरला नाही.
नुसतं म्म, आणि अजून थोडं, आणि लोणी कुठाय.

साडेआठला मी फळा पुसला;
रेघ गेली, ‘आत्ता’चा काना तेवढा राहिला,
तिथे डस्टर पोचत नाही.
वीगांतास दारापर्यंत जाऊन परत फिरला,
खिसे चाचपत, स्वतःशीच पुटपुटत:
“आइव्ह फरगॉटन माय ग्लव्ह्ज.”

जोडून. एका दमात.
अकरा वर्षांत पहिल्यांदा,
आणि त्याचा त्यालाच पत्ता नाही.
मिसेस बुकननी माझ्याकडे पाहिलं,
ओठांवर बोट ठेवलं.

हातमोजे हीटरवर होते, चांगले गरम.
ते चढवत तो अंधारात पळाला.
कोपऱ्यावर
बस थांबलीय.